धुतलेले पाय

आमचे फादर ललित बोलायला लागले की दगडालाही पाझर फुटावा. डिंडोलीत किराणा दुकानावरची एक खोली आम्ही प्रार्थनेला घेतली आहे. तिथं त्यांनी स्वतः खिळा ठोकून पोपमहाशयांचा फोटो लावला. फोटोत पोप गुडघे टेकून एका बाईचे पाय धुताहेत.

"सुवर्णाताई, हे पोप पुढारलेले आहेत. बायकांना डीकन करायचं का, यावर रोममध्ये समिती बसलीय. होणार बघा! आपल्याकडून पहिलं नाव तुमचंच जाईल."

डीकन म्हणजे फादर होण्याआधीची पायरी. वेदीपाशी उभं राहायचं, प्रवचन द्यायचं. फादर महिन्यातून एकदा यायचे, बाकीचे रविवार मीच चालवत होते. आठवडाभर घरी साड्यांना लेस लावायची आणि रविवारी वाचन, प्रार्थना, वर चार शब्द समजुतीचे. माणसं रात्रपाळी उरकून, केसांत तंतू घेऊन थेट कापडाच्या लूमवरून यायची. म्हाताऱ्या उषाबाई म्हणायच्या, "बाई, तू सांगस ते आमले समजस." एवढ्यावर माझं पोट भरलं, असं म्हटलं तर ते खोटं होईल. मला ती पायरी हवी होती. आणि ती आस फादरांनीच लावली होती.

मग टीव्हीवर पोपची मुलाखत आली. मुली पुढं कधी डीकन होतील का, असं त्यांना विचारलं. ते नाही म्हणाले.

वाईट वाटलं, पण रोम कुठं आणि मी कुठं. मी फादरांकडे गेले. म्हटलं, निदान हे तरी हळहळतील. तर म्हणतात कसे, "ताई, पोप मुळात परंपरेतलेच. लोकांनीच उगाच त्यांना पुढारलेलं ठरवलं."

"लोकांनी? तो फोटो कुणी लावला, फादर?"

ते चष्मा पुसायला लागले. म्हणजे यांना हवं तेव्हा पोप नव्या विचाराचा, हवं तेव्हा जुन्या विचाराचा. पोपनं मला फसवलं नव्हतं, त्याला माझं नावही ठाऊक नव्हतं. यांना होतं.

उपवासकाळात ते दीपकला घेऊन आले. मीच धर्मशिक्षण दिलेला पोरगा, आता डीकन झालेला. "यापुढं रविवार हा बघेल. तुमची दगदग वाचली," फादर म्हणाले. दगदग! दीपकची मान खालीच होती. "आणि पवित्र गुरुवारी पाय धुवायच्या बाराजणांत तुम्ही. अगदी पोपसारखं! आता तरी खूश ना?"

प्रभूनं आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले होते, म्हणून गुरुवारी बारा खुर्च्या मांडल्या. चारचौघांत फादरांपुढं मळके पाय कसे न्यायचे, म्हणून आम्ही सगळे दरवर्षीसारखे घरूनच पाय घासून आलो होतो. दीपक तांब्या घेऊन उभा होता. फादर माझ्यासमोर परात ठेवून गुडघ्यावर बसले. मागून कुणीतरी म्हणालं, "केवढं मोठं मन फादरांचं!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी पाय मागं घेतला.

"पाय घरून धुऊनच आलेय, फादर. मला वेदीपाशी उभं राहायला जागा हवी होती."

फादरांनी वर पाहिलं नाही. त्यांनी परात उचलली आणि शेजारी बसलेल्या उषाबाईंसमोर ठेवली.