सफरचंदाला ताण

वीणाबाईंनी आयर्लंडमध्ये स्लायगोला मुलाच्या परसात सफरचंदाचं एक झाड लावलं होतं. बाई गेल्या, झाड वाढलं, पण फळ लागेना. आईचं झाड म्हणून डॉक्टर हृषीकेश थांबला होता. या उन्हाळ्यात मात्र ते काढून तिथे फरशी घालायची, चार खुर्च्या टाकायच्या, असं त्याने ठरवलं. हे कळताच मोहनराव वरूडहून आले. बायकोचं झाड पडू द्यायचं नव्हतं.

त्यांचं आयुष्य संत्र्याच्या बागेत गेलेलं. आल्या आल्या त्यांनी झाडाभोवती एक फेरी मारली.

"याले ताण द्या लागते. पाणी तोडलं का झाड घाबरते, अन् घाबरलं का फळते."

"बाबा, पाणी तोडणार कसं? इथे ते आभाळातून येतं."

"थे मी पाहतो."

त्यांनी चर खणला आणि बुंध्याभोवती जमिनीवर निळी ताडपत्री अंथरली. पाऊस हटेना, मोहनरावही हटेनात. वाऱ्याने ताडपत्री उडाली की रेनकोट घालून तिच्यामागे धावत. शेजारचा डोनल, मेंढ्या पाळणारा माणूस, कुंपणाला टेकून हे रोज बघे.

मे महिन्यात झाड फुलांनी भरलं.

"पाय कसं फुललं! याले म्हन्तात ताण!"

वीणाबाई असत्या तर त्यांनी फोटो काढून साऱ्या वरूडला पाठवले असते. मोहनरावांना ते जमत नव्हतं. ते नुसते पाहत उभे राहिले.

कुंपणापलीकडून डोनल बराच वेळ काहीतरी बोलला.

"काय म्हनून रायला थो?"

"काही नाही. ग्रँड म्हणाला."

"एवढं लांब ग्रँड?"

हृषीकेशने मान खाजवली. "तो म्हणतो, फुलं गेल्या वर्षीही आली होती. सफरचंद एकटं फळत नाही. दुसऱ्या जातीचं झाड जवळ फुलावं लागतं. त्याच्या आजोबांच्या काळी या उतारावर बागच होती. आता सगळं मेंढ्यांचं गवत."

मोहनरावांच्या संत्र्याचं असं काही नसतं.

डोनल गेला आणि तासाभराने बादली घेऊन आला. जुन्या बागेतलं एकच म्हातारं झाड उताराच्या पार टोकाला उरलं होतं, त्याच्या फुललेल्या फांद्या बादलीतल्या पाण्यात उभ्या होत्या. त्याने बादली झाडाखाली ठेवली आणि मधमाश्यांकडे बोट दाखवलं. पुढचं काम त्यांचं.

"नवरदेव बादलीत बसून आला बाप्पा!"

हृषीकेशने भाषांतर केलं. डोनल इतका हसला की मेंढ्या पळाल्या.

जूनमध्ये बोराएवढी फळं दिसली. मोहनरावांनी डोनलच्या गाडीतून जाऊन दुसऱ्या जातीचं रोप आणलं आणि खुर्च्या टाकायच्या तिथेच खड्डा घेतला.

"बाबा, उद्या फरशीवाला येतोय!"

"येऊ दे ना. फरशीचं आळं करून घेऊ त्याच्याकडून."