पुसलेल्या बाहुल्याचा सूड

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलेलं नाही. तुम्ही मला पाहू नये यासाठी खास माणसं नेमली होती.

मी फोमचा एक जुना बाहुला आहे. डोक्यात झाडूचा दांडा खुपसलेला, डोळ्यांच्या जागी टेबल टेनिसचे दोन चेंडू, पाठीवर विटक्या ब्लँकेटचा तुकडा. जर्मनीत लाइपझिगजवळच्या एका शेडमध्ये हिल्डा नावाच्या बाईनं मला दोन दिवसांत शिवलं. मी सुंदर नाही. माझ्या कामाला सुंदर दिसायची गरजच नव्हती.

तिथे मुलांसाठी एक सिनेमा चालू होता. त्यातली मार्टा नावाची मुलगी खरी, गाव खरं. तिचा दोस्त म्हणजे धुकं खाणारा एक बोकड. तो मात्र नंतर कॉम्प्युटरवर काढायचा होता. मग तोवर मार्टानं बघायचं कुठे आणि बोलायचं कोणाशी? माझ्याशी. एक माणूस दांडा धरून मला हलवायचा आणि ती माझ्या चेंडूंच्या डोळ्यांत बघून बोलायची. निरोपाच्या प्रसंगात ती माझ्या गळ्यात पडून रडली. तो प्रसंग अकरा वेळा घेतला. अकराव्या वेळी तिचं रडं थांबेना, तिच्या आईला बोलवावं लागलं. ते रडणं माझं आहे. सिनेमात ते बोकडाला मिळालं. तो तेव्हा जन्मलाही नव्हता.

मग मला खोक्यात घालून अमेरिकेला पाठवलं. क्युपर्टिनोला एका दातांच्या दवाखान्याच्या वर राजेशचं छोटं ऑफिस होतं. तिथे बोकड काढणार होते आणि मला पुसणार होते. अंगावर उजेड कसा पडतो हे कळावं म्हणून मला टेबलावर उभं केलं. म्हणजे मला पुसलं जाताना मीच समोर उभं राहून बघायचं. असा अपमान तुमच्या शाळेतल्या कुठल्याही शिक्षेत नसेल.

पुसणारी होती देवयानी. नागपूरहून इथे शिकायला आली, मास्टर्स केलं, ही तिची पहिली नोकरी. सिनेमाच्या एका सेकंदात चोवीस चित्रं असतात. प्रत्येक चित्रातून ती मला खरवडून काढायची आणि माझ्या मागची भिंत, झाड, मार्टाची बाही पुन्हा रंगवायची. सात महिने. मी तिचा इतका द्वेष केला की माझ्यातला फोम पिवळा पडला.

राजेश मागे येऊन म्हणायचा, "देवयानी, काठी दिसतेय यार अजून."

"नाही दिसत, राजेशदादा. तुला माहितीये म्हणून दिसतेय."

तिला एकच गोष्ट हवी होती. सिनेमाच्या शेवटी नावं येतात, त्यात आपलं नाव. राजेशनं पहिल्याच दिवशी तसा शब्द दिला होता. ती मला, म्हणजे टेबलावरच्या बाहुल्याला, सांगायची, "बाबांना दाखवायचंय रे. त्यांना वाटतं मी कॉम्प्युटर दुरुस्त करते."

शेवटच्या आठवड्यात जर्मनीहून निरोप आला की तुमच्या ऑफिसची फक्त सहा नावं घेऊ. राजेशनं यादी पाठवून दिली आणि मग तिला सांगितलं, तिचं नाव त्यात नाही.

"कुशचं नाव आहे," ती म्हणाली. "तो तीन आठवडे मदतीला आला होता."

"तो बाहेरचा आहे. त्याला वाईट वाटेल. तू घरचीच आहेस ना! आपल्याकडे पाहुण्यांना आधी वाढतात, घरचे मागून बसतात."

"मागून बसणाऱ्याला ताट तरी असतं, दादा."

"पुढच्या पिक्चरला नक्की. प्रॉमिस."

ती खाली बसली आणि उरलेलं काम उघडलं. त्यात एक प्रसंग होता. मार्टा बेकरीसमोरून पळते आणि बेकरीच्या काचेत, तिच्या शेजारी, मी दिसतो. दोन सेकंद. एवढं पुसायचं राहिलं होतं. देवयानीनं माझ्याकडे बघितलं. सात महिन्यांत पहिल्यांदा उजेडासाठी नाही, मला बघायला. मग तिनं ब्रश घेतला आणि मला न पुसता काचेतल्या माझ्या पोटावर स्वतःचं नाव लिहिलं, देवनागरीत, अठ्ठेचाळीस चित्रांत अठ्ठेचाळीस वेळा. मी म्हणत होतो, मोठं लिही. तिला ऐकू गेलं नसेल.

राजेशनं तो प्रसंग गाडीत बसून फोनवर बघितला आणि पास केला. जर्मनांना ती नक्षी वाटली.

सिनेमा आला. तिथल्या महाराष्ट्र मंडळानं रविवारी दुपारी हॉल घेऊन तो दाखवला. राजेशनं मला झेंडूचा हार घालून पुढच्या टेबलावर ठेवलं होतं, आमच्या ऑफिसचा बाहुला म्हणून. पहिल्या रांगेत त्याची सात वर्षांची मुलगी रुही बसली होती. ती मंडळाच्या मराठी शाळेत जाते. अक्षरं ओळखते, हे राजेश येईल त्याला सांगत होता.

बेकरी आली. भिंतीएवढ्या पडद्यावर काच केवढी मोठी दिसते! रुही उभी राहिली. "दे... व... या... नी. बाबा, लुक, देवयानीमावशी!"

लोक हसले. राजेश म्हणाला, "बस खाली."

शेवटची नावं आली. बाबांच्या ऑफिसची सहाच्या सहा रुहीनं वाचली. दिवे लागले तेव्हा ती अजून पडद्याकडेच बघत होती.

"बाबा, इथे मावशीचं नाव का नाहीये? शी डिडन्ट डू एनिथिंग?"

"अगं, ती आपली घरचीच..."

"सो?"

चौथ्या रांगेत देवयानी उठून उभी राहिली, ती कोण हे सगळ्यांना नीट दिसावं म्हणून. राजेशची मान खाली गेली. ती मी टेबलावरून अगदी जवळून बघितली आणि मला फार बरं वाटलं.

सोमवारी त्यानं जर्मनीला मेल केला. आता नव्या प्रतींमध्ये तिचं नाव आहे. मला त्यानं कपाटावर भिरकावलं, माझी मान मोडली. मोडू दे. मी देवयानीला माफ केलेलं नाही, बोकडाला तर मुळीच नाही. पण ते दोन सेकंद आता कोणी पुसू शकत नाही.

मित्रांनो, ज्यांनी तुमच्यासाठी राबून काम केलं, त्यांचं नाव कुठे दिसलं नाही तर विचारा. मोठ्यानं विचारा, चारचौघांत विचारा. एकट्यात विचारलंत तर 'घरचीच आहे' एवढंच ऐकू येईल.