रांजण विसळण्याआधीची साक्ष

सगळा इतिहास साक्षीदारांच्या खांद्यावर उभा असतो. गालीलातल्या आमच्या काना गावात तो खांदा माझा होता, आणि त्या दिवशी माझा चष्मा घरी राहिला होता.

चर्चसमोरच्या चौकात अख्खं गाव लोटलं होतं. मधोमध एक दगडी रांजण आणि त्याला टेकून, हातात माईक घेतलेले फिरते प्रवचनकार, बंधू अफ्तीम.

"येशूने इथल्या लग्नात सहा रांजणांतल्या पाण्याचा द्राक्षारस केला, त्यातला हा सहावा. माझ्या स्वप्नात आला आणि म्हणाला, अफ्तीम, मला घरी ने."

रांजण कुठल्या तोंडाने बोलला, हे कुणी विचारलं नाही. आम्ही पाणी ओतलं, भजन म्हटलं. बंधूंनी ऑलिव्हच्या फांदीने ढवळढवळ ढवळलं. पाणी लालभडक झालं. बायका रडायला लागल्या.

पहिला पेला मला मिळाला. जन्मभर वर्तमानपत्रात बुवांची टिंगल केलेला माणूस मी. मीच मान डोलावली की बाकीच्यांच्या शंका आपोआप मिटणार. मी घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणालो, "चव पहिल्या शतकातली आहे. जरा चढतोयसुद्धा."

आता गाऱ्हाणं असं, की आमच्याकडे दर दुसऱ्या दुकानात पर्यटकांना द्राक्षारस विकतात, पण पीत कुणीच नाही. आम्ही सगळे अरकवाले, म्हणजे बडीशेपेच्या दारूचे. द्राक्षारसाची चव त्या चौकात एकालाही ठाऊक नव्हती. मलाही नव्हती. पण माईक समोर असताना हे सुचत नाही.

आठवड्याने माझी थोरली बहीण वदीआ पलंगावर पडलेली दिसली. ओठ कोरडे, डोळे अर्धे मिटलेले. उशाशी रांजणातला पेला.

"ताई, इन्सुलिन घेतलंस का?"

"बंधू म्हणाले, रोज पेला घ्या, सुई सोडा."

"आणि तू त्या अफ्तीमचं ऐकलंस?"

"त्याचं कशाला ऐकेन? एवढी खुळी नाही मी. तू म्हणालास ना खरा आहे म्हणून. तुझं ऐकलं."

"हा त्याहून मोठा खुळेपणा," दारातून आवाज आला. शेजारच्या नुहाबाई. शाळेत इतिहास शिकवायच्या, आता गल्लीला शिकवतात. त्यांनी ताईचं बोट टोचून साखर मोजली. यंत्राने आकडा द्यायलाच नकार दिला. नुसतं 'जास्त' म्हणालं. डॉक्टर धावत आले. ताई वाचली. त्या गडबडीतच नुहाबाईंनी पेल्यात बोट बुडवून चाटलं.

"फरीद, ही डाळिंबाची काकवी आहे, आटवलेल्या रसाची. तुला काकवी चढली."

दुसऱ्या दिवशी त्या चौकात उभ्या राहिल्या आणि एकेकाला विचारू लागल्या, काय पाहिलंत? सगळ्यांचं उत्तर एकच: "चव पहिल्या शतकातली आहे." ज्यांना पेला मिळालाच नव्हता, तेसुद्धा.

"येशूच्या कबरीपाशी किती बायका गेल्या, यावर बायबलातल्या चार शुभवर्तमानांचं एकमत नाही," नुहाबाई म्हणाल्या. "पुष्कळ वर्षांनी लिहिलेली, वेगवेगळ्या तोंडून आलेली. म्हणून तर ताडून बघता येतात. तुमची साक्ष मात्र एकच आहे, ती या फरीदची. बिनचष्म्याची."

"बाई, तुमचा शुभवर्तमानावर विश्वास नाही वाटतं?" बंधूंनी माईकमधून विचारलं.

"मी ते वाचते. त्यात लिहिलंय, हे रांजण शुद्धीकरणाच्या पाण्याचे होते. धुण्याचे. मग धुतला तर बिघडलं कुठे?"

"पवित्रपण जाईल."

"पाण्याने जाईल ते पवित्रपण कसलं?"

त्यांनी बाही वर केली आणि हात आत घातला. आतल्या अंधाऱ्या बाजूला बोटभर जाड, चिकट लेप होता. तो खरवडून काढला, रांजण विसळला, नवं पाणी भरलं. बंधूंनी दोनदा भजन म्हणवून घेतलं. पाणी पाणीच राहिलं.

"तुमचा विश्वास कमी पडला," बंधू म्हणाले.

"नाही हो," गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "काकवी कमी पडली."

हशा पिकला, पण नुहाबाई हसल्या नाहीत. "त्या लग्नात खरंच काय झालं, मी सांगू शकत नाही. पण लिहिणाऱ्याने लिहिलंय ते असं, की द्राक्षारस संपला तेव्हा येशूने यजमानाची लाज राखली आणि भोजनकारभाऱ्यालासुद्धा पत्ता लागू दिला नाही. हा माणूस दुखणाइतांना बरं करायचा, असं चारही शुभवर्तमानं सांगतात. दुखणाइताचं औषध काढून घेतल्याचं मला तरी कुठे सापडलं नाही."

तर मंडळी, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी भांडं विसळा. साक्षीदार कितीही नावाजलेला असो, त्याला चष्म्याचं विचारा. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध सोडू नका. मी सांगितलं तर मुळीच सोडू नका.

बंधू अफ्तीम निघून गेले, रांजण राहिला. ताईला तो ऑलिव्हच्या लोणच्यासाठी हवाय. दगडी आहे, मला एकट्याला उचलत नाही. कुणी दोघं जण येता का?