दोन्ही बाजू सारख्या

प्रयोगशाळेत सगळे त्यांना नुसतं ‘सर’ म्हणत, आणि सरांचा जीव सिमेट्रीत अडकलेला होता. भांग बरोबर मधोमध, शर्टाला दोन खिसे आणि दोन्हींत एकेक पेन, टेबलावर डावीकडे जेवढे कागद तेवढेच उजवीकडे. घरी तर कहरच होता. धाकट्याला चष्मा लागला तेव्हा भेदभाव नको म्हणून सरांनी थोरल्यालाही बिननंबरचा चष्मा आणून दिला. तो बिचारा कॉलेजात जाईपर्यंत तो लावून फिरत होता.

अशा माणसाच्या वाट्याला प्रोटीनही तसंच आलं. ते डायमर होतं, म्हणजे दोन साखळ्यांची जोडी, आणि दोन्ही साखळ्या मणी न् मणी एकसारख्या. एकीला अर्धा फेरा दिला की ती हुबेहूब दुसरीच्या जागी बसते, असं सरांनी तरुणपणी छापून टाकलं आणि त्याच जोरावर ते मोठे झाले. जिन्यात त्या जोडीचं भलंमोठं चित्र टांगलेलं होतं. कोणी पाहुणा ‘अगदी आरशातल्यासारखं’ म्हणाला की सर त्याला तिथेच पायरीवर उभा करून आरसा आणि अर्धा फेरा यांतला फरक समजावून सांगत. पाहुणे हळूहळू लिफ्टने यायला लागले.

दुखणं एकच होतं. प्रत्येक साखळीला औषधाचा रेणू पकडणारा एक हात होता, आणि तो हात काही केल्या नीट दिसत नसे. दोन्ही बाजूंना नुसतं धुकं. ‘हात चुळबुळ्या आहे, त्याला गप्प बसवा,’ असं सरांनी फर्मावलं, आणि विद्यार्थ्यांच्या पिढ्या त्यापायी झिजल्या. कोणी मीठ वाढवलं, कोणी साखर घातली, एकाने तर कंटाळून लग्न केलं. हात काही गप्प बसेना.

मग शंका आली. खरं नाव तिच्या घरच्यांना ठाऊक. इथे सगळे तिला शंकाच म्हणत, कारण तिला प्रत्येक गोष्टीची शंका येई. नमुना गोठवून त्याचे लाखो फोटो काढायचे आणि संगणकाकडून ते एकावर एक रचून आकार काढायचा, हे तिचं काम. रचण्याआधी संगणक विचारतो, दोन्ही बाजू सारख्या धरू का? तिथे ‘हो’वर खूण करायची, ही प्रयोगशाळेची रीत. मग तो प्रत्येक फोटो अर्धा फेरा फिरवून पुन्हा त्याच आकारात मिसळतो. एका फोटोत दोन फोटोंचं काम, सगळा फायदाच फायदा. शंकाने ती खूण काढून टाकली.

दुपारी ती सरांच्या खोलीत आली. प्रबंध पुरा झाला होता, सरांची सही तेवढी बाकी होती.

“सर, धुकं गेलं.”

“हात गप्प बसला?”

“दोन्ही आधीपासून गप्पच आहेत. एक उघडा आहे, त्याने औषध घट्ट धरलंय. दुसरा मिटून बसलाय, रिकामा. आपण एकाचं चित्र दुसऱ्यावर चढवत होतो. धुकं आपलंच होतं, सर.”

सरांचा चेहरा उतरला. “अगं, एकसारख्या साखळ्या आहेत त्या. तू काहीतरी घोळ घातलायस. मी बघतो.”

सरांनी बघितलं. फोटो बदलून बघितले, संगणक बदलून बघितला, शेवटी खुर्चीही बदलून बघितली. दर वेळी एक हात उघडा आणि एक मिटलेला. आठवड्याच्या शेवटी परिषदेत त्यांचं भाषण होतं, आणि पहिल्या रांगेत टकले नावाचे एक प्राध्यापक बसणार होते. ते याच प्रोटीनवर काम करत आणि सरांना कुठे चिमटीत पकडता येईल याची वाट बघत. सरांना जेवण जाईना.

“एकाच घडणीच्या दोघी,” ते घरी बायकोला म्हणाले. “एकीने औषध धरायचं आणि दुसरीने हात मिटून बसायचं, याला काय अर्थ आहे?”

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. “अहो, हे चादरीचं टोक धरा जरा.” त्यांनी धरलं. “आता दोघंही एकदमच चालायला लागलो तर घडी होईल का? एकाने स्थिर उभं राहायला लागतं. आणि गेली कित्येक वर्षं उभे तुम्हीच राहताय.”

सरांना राग आला, कारण ते पटलं होतं. त्यांनी आपल्या आयुष्याकडे नजर टाकली, तर थोरल्याच्या चष्म्यापासून असं धुकं ठिकठिकाणी दिसायला लागलं. ते सुखाने झोपले नाहीत.

परिषदेत सरांनी पहिलंच चित्र दाखवलं ते शंकाने काढलेलं. “मी छापलेला आकार चूक आहे,” ते म्हणाले. “धुकं प्रोटीनमध्ये नव्हतं, आमच्या खुणेत होतं. पुढचं ही सांगेल.” आणि ते खाली बसले. शंकाने सांगितलं: पहिला हात औषध धरतो म्हणूनच दुसरा मिटतो. दोन्हीकडे औषध कोंबायचे सगळे प्रयत्न का फसले, तेही सांगितलं.

टकले प्राध्यापक उठले. सरांनी डोळे मिटून घेतले.

“आमच्याकडेही तसंच धुकं आहे,” ते हळू आवाजात म्हणाले. “आम्हीही तीच खूण करतो.” मागे सभागृहभर लॅपटॉप उघडल्याचे आवाज व्हायला लागले. “पण हे कुणाचं काम धरायचं? तुमच्या प्रयोगशाळेत सगळं निम्मं-निम्मं असतं, असं ऐकून आहे.”

सवयीने सरांच्या ओठांवर ‘आमच्या दोघांचं’ आलंच होतं. त्यांनी शंकाकडे पाहिलं. ती मान खाली घालून तेच ऐकायची तयारी करत होती.

“चूक सगळी माझी,” सर म्हणाले. “शोध सगळा हिचा. यात निम्मं काही नाही.”