गोदामातल्या कवट्या

कुणी नमस्कार केला तरी हा का वाकला, हे शिवलिंगप्पा आधी बघणार. असा तो माणूस. त्यामुळे पुण्याच्या संग्रहालयातल्या प्रणिताबाईंनी उमापूरला या अप्पांच्या आडत दुकानात येऊन उंदरांची डोकी मागितली, तेव्हा अप्पांच्या कपाळावरचं भस्मसुद्धा आक्रसलं.

बाईंनी कापसात जपलेल्या जुन्या कवट्या त्यांच्यापुढे मांडल्या. "या तुमच्याच गोदामातल्या. फार वर्षांपूर्वी तुमच्या वडिलांनी दिलेल्या. आता तिथल्याच नव्या मिळाल्या, तर आकारात काय फरक पडला ते मोजता येईल. आख्खे उंदीर नकोत, डोकी उकळून नुसत्या कवट्या द्या."

"अन् त्या कावून पायजेत?"

"अभ्यासाला."

अभ्यासाला म्हणे! गेल्याच वर्षी प्लेगची बोंब उठली आणि उमापूरसकट साऱ्या बीड जिल्ह्याच्या मालाला कुणी शिवेना. आता कुठे मुंबईची एक डाळ कंपनी तूर घ्यायला तयार झाली होती आणि तिचा माणूस सोमवारी गोदाम बघायला येणार होता. उंदरांचं कुठे छापून आलं, की तो अर्ध्या वाटेतूनच माघारी. बाईला या गिऱ्हाइकावर डोळा असलेल्या परळीच्या व्यापाऱ्यांनीच पाठवलंय, याबद्दल अप्पांची खात्री पटली.

"न्हाई म्हणलं तर लई संशय यील," त्यांची बायको नीलम्मा म्हणाली, "पण माझ्या चुलीवर उंदराची डोकी? शिव शिव!"

शिवाय गोदामातल्या उंदरांत काही रोगबिग निघाला तर? मग अप्पांनीच तोड काढली: डोकी शेतातल्या उंदरांची द्यायची. त्यांचा हमाल धोंडीराम गावातल्या सुंदररावांच्या शेतातली बिळं उकरून उंदीर मारायचा. त्यानं आपल्या अंगणात डोकी उकळली, कवट्या वाळवल्या आणि डबा भरून आणला.

"आमच्या गोदामातल्याच हायत," असं ठासून सांगत अप्पांनी डबा बाईंच्या हवाली केला आणि त्या रात्री ते छान झोपले.

रविवारी बाई धावतच आल्या. "अप्पा, कमाल झाली! जुन्या कवट्या बघा, लांबट, निमुळत्या. घरउंदराच्या. आणि या नव्या आखूड, रुंद. ही त्याच्या भाऊबंदांतली, पण शेतात बिळं करणारी जात. ती तुमच्या गोदामात आली! हे दुकानाच्या नावासकट छापायलाच हवं."

अप्पांच्या तोंडचं पाणी पळालं. "अन् पैल्यासारख्याच निघाल्या असत्या तर?"

"तर कपाटात ठेवल्या असत्या. त्यात छापण्यासारखं काय?"

आपल्याच हातानं आपण पायावर धोंडा पाडून घेतला, हे अप्पांना कळलं. आता खरं बोलण्यावाचून गत्यंतर नव्हतं. "बाई, त्या सुंदररावाच्या शेतातल्या हायत," ते पुटपुटले.

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी एकदा अप्पांकडे पाहिलं, एकदा जुन्या कवट्यांकडे. ती नजर अप्पांना चांगली ओळखीची होती, पण आजवर ती त्यांची स्वतःची असायची. "मग या जुन्या तरी गोदामातल्याच कशावरून? तुमच्या वडिलांनीही..."

"माझा बाप जन्मात खोटं बोलला न्हाई!"

"तुम्हीही असंच ठासून सांगितलं होतं. या आता वगळाव्या लागतील." बाई जुन्या कवट्या बाजूला सारू लागल्या.

जग सोडून लिंगैक्य झालेल्या बापाला आपण खोट्यात काढलं. अप्पांनी कमरेच्या किल्ल्या उपसल्या. "चला. सापळा तुमीच लावा, तुमच्या हातानं. बापानं दिला तसलाच उंदीर निघतो का न्हाई, तुमीच बघा."

"अवं, उद्या कंपनीचा माणूस यायचाय," नीलम्मा घाबरून म्हणाली. "त्याला सापळा दिसंल की!"

"दिसू दे," अप्पा म्हणाले आणि त्यांनी गोदामाचं दार सताड उघडलं.