काचेच्या पेटीत नुसता उजेड

मी कॅबिनेट बोलतोय. कॉम्प्युटरचे सगळे भाग ज्याच्यात बसवतात ती पेटी. गावात मला सगळे सीपीयू म्हणतात. मी तो नव्हे. मी नुसता डबा आहे. पण ज्याला काम नाही त्याला मोठं नाव द्यायचं, ही माणसांची रीत आता माझ्या चांगली ओळखीची झाली आहे.

मला पुढे काच, बाजूला काच आणि आत रंग बदलणारे पंखे. मंचरच्या एका दुकानात मी वरच्या फळीवर दिवसभर लखलखत असायचो. तेव्हाही माझ्या पोटात काही नव्हतं. गिऱ्हाईक तोंड वर करून बघायचं आणि खूश व्हायचं. आत काय आहे हे एकानेही विचारलं नाही.

एका सकाळी महाळुंगे पडवळहून तिघं आली. मोहिनी, तिचा नवरा हनुमंत आणि सासरे बिरदेव. मोहिनी लग्नाआधी मंचरलाच बाळासाहेब नावाच्या इंजिनिअरांकडे घरांचे नकाशे काढायची. पुढे लग्न झालं, मूल झालं आणि येणं-जाणं सुटलं. आता बाळासाहेबांनी निरोप धाडला होता, घरी दमदार मशीन असेल तर बंगल्यांची थ्रीडी चित्रं करायला देतो. मोहिनीला पुन्हा स्वतःचं काम मिळणार होतं. तिच्यासाठी बिरदेवांनी कळपातले दोन मेंढे विकले. एवढ्यापुरता म्हातारा चांगला वागला, हे मी नाकारत नाही.

मोहिनीला काय हवं ते पक्कं ठाऊक होतं. दुकानदार महागडा प्रोसेसर पुढे करी, ती म्हणे, माझ्या कामाला हा खालचा पुरतो. ग्राफिक्स कार्ड तिने वापरलेलं घेतलं. एकाच गोष्टीवर ती अडून बसली, आतल्या सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या पॉवर सप्लायवर.

"पॉवर सप्लाय मात्र चांगला द्या," ती म्हणाली. "आमच्याकडं विहिरीवरच्या मोटारी चालू झाल्या की लाईट खालीवर व्हती. आन् कॅबिनेट साधं, जाळीचं द्या. हवा खेळली म्हंजी झालं."

साधं काळं कॅबिनेट काउंटरवर आलंसुद्धा. तेवढ्यात बिरदेवांची नजर माझ्यावर पडली.

"ह्यो काय हाय?"

दुकानदाराने माझे रंग बदलून दाखवले. लाल, निळा, मग हळदीसारखा पिवळा. म्हातारा खुलला.

"मामा, त्यो नुसता डबा हाय," मोहिनी हळू आवाजात म्हणाली. "त्याच्यापायी पॉवर सप्लाय हलका घ्यावा लागंल."

"पॉवर सप्लाय दिसतो का कुणाला? माझं दोन मेंढं गेल्यात पोरी. त्याचं काय आलं, ते चार माणसांना दिसाया नको?"

हनुमंताने बापाकडे बघितलं, बायकोकडे बघितलं आणि दुकानदाराला म्हणाला, "जमवा भाऊ." दुकानदाराने खालच्या कप्प्यातून एक स्वस्तातला पॉवर सप्लाय काढला. मोहिनीने तो हातावर तोलला. इतका हलका होता की तिने लगेच खाली ठेवला.

हेच बिरदेव मेंढा घेताना लोकरीला भुलत नाहीत. लोकरीत बोटं खुपसून पाठीचा कणा चाचपतात, ओठ उचलून दात बघतात. हे मी नंतर त्यांच्या अंगणात डोळ्यांनी पाहिलं आणि मला त्यांचा फार राग आला. मला चाचपायला त्यांची बोटं झिजणार होती का?

घरी माझ्यावर भंडारा उधळला. मोहिनीने घाईघाईने पदर माझ्या डोक्यावरच्या जाळीवर धरला, तरी थोडी हळद आत गेलीच. तिला मी आतल्या खोलीत हवा होतो. बिरदेवांनी मला बाहेरच्या खोलीत, थेट दारासमोर मांडलं.

मग पावणे येऊ लागले. "बिरदेवा, लई भारी वस्तू आणली राव," असं म्हणत टेकायचे आणि तासभर हलायचे नाहीत. त्या घरात सून थोरामाणसांकडे पाठ करून खुर्चीत बसत नाही. तसं कुणी तिला बजावलं नव्हतं, बजावायची गरजही नव्हती. दारात चपला वाजल्या की मोहिनी उठायची, पदर सावरायची आणि चहा ठेवायला जायची. पडद्यावर बिनजिन्याचा बंगला तसाच उभा राहायचा. त्याच्यासमोर बसून लोक कांद्याच्या बाजाराच्या गप्पा मारायचे.

सासूबाई सरुबाई एकदा म्हणाल्या, "अवो, तिचं काम ऱ्हातंय. पडवीत बसा की."

"पावणं मशीन बघाया आल्यात," बिरदेव म्हणाले, "पडवी बघाया न्हाई."

तरी मोहिनीने मिळेल त्या वेळात काम केलं. बाळासाहेब खूश होते. त्यांनी एका मोठ्या बंगल्याचं काम दिलं आणि फोनवर सांगितलं, दुपारपर्यंत पाठव, हे मालकाला पसंत पडलं तर पुढची सगळी कामं तुझ्याकडे. त्या सकाळी अगदी थोडं उरलं होतं. आणि बरोबर त्याच सकाळी सुपारी फोडून परतणारे पावणे वाटेत थांबले. चहा झाला, मग जेवूनच जा असं झालं. त्यांनी माझ्यासमोर उभं राहून फोटो काढले. मोहिनी चुलीपाशी भाकरी थापत होती. मला तेव्हा वाटत होतं, एकदा तरी काच फुटावी आणि ह्यांच्या पायात घुसावी.

ते गेल्यावर, भांडी तशीच टाकून, ती बसली. शिवारातल्या मोटारी सुरू झाल्या. घरातला दिवा बारीक झाला आणि एकदम भक्कन मोठा झाला. माझ्या पोटात फट् असा आवाज आला, जळका वास सुटला. पॉवर सप्लाय गेला. जाताना बोर्ड आणि डिस्क घेऊन गेला. बंगला त्याच डिस्कवर होता. त्या बिचाऱ्याला मी दोष देत नाही, त्याला झेपत नव्हतं हे तिने आधीच सांगितलं होतं.

मोहिनी माझ्या काचेवर हात ठेवून नुसती बसली. बिरदेव दारातून म्हणाले, "दिवं तर चांगलं लागत व्हतं की."

बाळासाहेबांनी ते काम दुसऱ्याला दिलं. पुढची कामंही मग त्यालाच गेली. वाचलेले भाग हनुमंताने दुकानात परत विकले. मोहिनी आता कांदाचाळीत कांदे निवडायला बसते. आणि मी? माझ्या पंख्यांना हनुमंताने एक अडॅप्टर जोडून दिला. आत काही नसताना मी पुन्हा लखलखू लागलो. गौरीच्या आराशीत मला देवीच्या मागे ठेवलं होतं. सगळ्यांनी कौतुक केलं. एवढी शरम मला कधी वाटली नव्हती.

परवा बोरी बुद्रुकहून बिरदेवांचे साडू कुशाबा आले. त्यांच्या नातीला, प्रांजलला, कॉम्प्युटर जोडून घ्यायचा आहे. काय काय घ्यावं हे मोहिनीला विचारायला आले होते, पण बघत होते माझ्याकडे.

मोहिनी या वेळी चहाला उठली नाही. सासऱ्यांसमोर खुर्चीत बसली, माझी काच उतरवली आणि म्हणाली, "काका, आत हात घाला."

कुशाबांनी कोपरापर्यंत हात घातला. हाताला काही लागलं नाही.

"मेंढा घेताना पाठ चाचपता ना? मग हेबी चाचपा," ती म्हणाली. "ह्यो डबा असाच न्या, पैसं नगं. त्या पैशात पॉवर सप्लाय चांगला घ्या. पोरीचं काम त्याच्यावर हाय."

"घेऊ की," कुशाबा म्हणाले. बिरदेव उठून मेंढरांकडे निघून गेले. जाताना त्यांनी माझी पिन काढली.

आता मी हनुमंताच्या पिकअपमध्ये कांद्याच्या गोण्यांना टेकून बोरीला चाललो आहे. पुढे कुशाबा सांगत आहेत, "डबा फुकट गावला, हनुमंता. त्या पैशात आता पडदा मोठा बसंल. लोकं बघत ऱ्हातील."

हनुमंताला सगळं माहीत आहे. तो "हां" म्हणाला आणि गाडी चालवत राहिला.

प्रांजल, मी तुझ्या दारात उतरलो की माझे दिवे लावू नकोस. आधी माझ्या पोटात काय बसवणार आहेत ते तुझ्या हाताने तोलून बघ. हलकं लागलं तर आजोबांशी भांड. मोहिनी भांडली नाही. आणि मला आतल्या खोलीत ने, दार लावून घे आणि काम संपेपर्यंत उठू नकोस.