शिसं ओढणारा टब

शनिवारी दुपारी दोन वाजता आमच्या विभागाच्या सभागृहात पाऊल ठेवायला जागा नव्हती. बॅटरीच्या कारखान्यातली पहिली पाळी नुकतीच सुटली होती आणि सत्तर-ऐंशी कामगार चपला हातात घेऊन रांगेत उभे होते. पुढे एक प्लॅस्टिकचा टब, टबात कोमट पाणी, पाण्यात डब्याएवढं यंत्र आणि त्याची वायर भिंतीतल्या प्लगमध्ये. टबामागच्या खुर्चीवर पांढऱ्याशुभ्र सदऱ्यात जलगुरू. विद्यार्थी मागे त्यांना टबबाबा म्हणायचे. समोर मात्र वाकून नमस्कार करायचे, कारण आमचे विभागप्रमुख करायचे.

ओतकामातला एक जाडसर माणूस पुढे येऊन बसला. त्याने पाय पाण्यात सोडले. जलगुरूंनी डबीतून दोन चमचे पांढरी भुकटी टाकली आणि बटण दाबलं.

"आता शरीराशी बोला. म्हणा, सोड."

"सोड," तो माणूस लाजत म्हणाला.

"प्रेमाने म्हणा. बारा वर्षं तुम्ही त्याला राबवलंय. ते रुसलंय."

"सोड बाबा," तो म्हणाला. पाच मिनिटांत पाणी पिवळं झालं, दहा मिनिटांत चहासारखं, आणि पाव तासाने त्यावर काळपट तवंग आला. सभागृहभर 'अरे बापरे' अशी कुजबुज पसरली.

"हे तपकिरी म्हणजे तुमचं यकृत," जलगुरू बोट दाखवत म्हणाले. "फेस आहे तो मनावरचा ताण. आणि तळाशी काळं बसलंय ना, ते शिसं. कारखान्याने दिलं, पाण्याने घेतलं."

यकृतातून तळपायाकडे येणारा असला रस्ता शरीरशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात नाही. ती पुस्तकं शिकवणारे पाच जण पहिल्या रांगेत तोंडात बोटं घालून बसले होते. सहावी मी.

आमच्या विभागात डॉक्टर झालेली मुलं पुढचं शिकायला येतात. कामामुळे माणूस कसा आजारी पडतो आणि तो पडू नये म्हणून काय करायचं, हे आम्ही त्यांना शिकवतो. माझा विषय मोजमाप. हवेत धूळ किती, रक्तात शिसं किती. बाईंसमोर दोघं भांडायला लागले तर बाई आधी आवाज मोजतील, असं सहकारी म्हणतात, आणि त्यात खोटं काही नाही.

टब कारखान्याच्या व्यवस्थापकांनी पाठवला होता. प्रमुखांना 'नाही' म्हणता आलं नाही. मी त्यांच्या खोलीत जाऊन तणतणले तेव्हा ते म्हणाले, "बाई, जवळपास हा एकच कारखाना आपल्या मुलांना आत घेतो. तो तुटला तर मुलांना काय माझ्या घरी नेऊन गॅसची शेगडी दाखवू? आणि तुम्ही एवढ्या शास्त्रीय ना, मग पाणी तपासा. नाकाने कांदे कशाला सोलताय?"

मी तपासलं. दहा कामगारांचं टबातलं पाणी बाटल्यांत भरलं, प्रयोगशाळेत नेलं, यंत्रात घातलं. शून्य येणार आणि मी तो कागद प्रमुखांच्या टेबलावर आपटणार, याची मला इतकी खात्री होती की माझे हात शिवशिवत होते. दहाच्या दहा बाटल्यांत शिसं निघालं. थोडंथोडकं नाही, चांगलं भरपूर.

प्रमुखांनी कागद पुढे केला, 'उपचारानंतरच्या पाण्यात शिसे आढळले', आणि मी सही केली. वाक्य तर खरं होतं. शिसं आढळलं होतंच.

आता माझं पाप ऐका. पहिल्या वर्गाला, पहिल्या दिवशी, पहिल्या तासाला मी एकच गोष्ट शिकवते: कोरा नमुना. ज्यात काही नसायला हवं तोही तपासायचा, त्याशिवाय बाकीच्या आकड्यांना काडीचीही किंमत नाही. जी मुलं विसरतात त्यांची वही मी परत फेकते. त्या दिवशी मी कोरा नमुना घेतला नाही. उत्तर मला आधीच माहीत होतं ना! आणि उलटं उत्तर आलं तेव्हाही तो घ्यायचं मला सुचलं नाही.

आठवड्याभरात माझ्या सहीच्या कागदाची मोठी प्रत कारखान्याच्या फाटकावर लागली.

आमच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुणारे मामा आहेत. बावीस वर्षं आहेत. त्यांची मुलगी शाळा सुटली की आमच्याकडेच बसायची, माझ्या टेबलाखाली चित्रं काढायची आणि मला आत्या म्हणायची. ती पोर मोठी होऊन त्याच कारखान्यात शिशाच्या प्लेटांना डाग देऊन जोडायचं काम करायची. तिच्या रक्तात मर्यादेच्या दुप्पट शिसं आलं होतं, म्हणून आमच्याच पत्रावरून तिला पॅकिंगमध्ये हलवलं होतं. शिशापासून लांब राहिली की रक्तातलं शिसं हळूहळू उतरतं. त्याला दुसरा सोपा उपाय नाही.

फाटकावर कागद लागल्यावर कारखान्याने रक्ततपासणी थांबवली. सुई कशाला टोचायची, पाणी बोलतंय की. ज्यांचं पाणी फिकट येईल त्यांनी आपल्या जुन्या जागी परतायचं. पोरगी सहाव्या शनिवारी नाचत माझ्याकडे आली.

"आत्या, माझं पाणी अगदी लिंबू सरबतासारखं आलं. सोमवारपासून परत डागकामाला."

"थांब जरा, आधी रक्त बघू."

"तुम्हीच तर सही केलीत. आणि पॅकिंगला सगळे म्हातारे आहेत, माझं डोकं फिरतं तिथे."

मला तिथेच तिला अडवायला हवं होतं. पण आपल्या सहीविरुद्ध बोलायला तोंड लागतं, ते मला नव्हतं. मी 'जपून कर' म्हणाले. जपून काय करणार, कप्पाळ!

यानंतर दोन महिने गेले. एका सकाळी मामा माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. मान खाली.

"मॅडम, एक चूक झालीय. टब धुण्याचं काम माझ्याकडे आहे. तो माझ्याकडून नीट धुतला जात नाही."

"मग काय बिघडलं?"

"मागच्या महिन्यात धुऊन झाल्यावर ताजं पाणी भरलं, त्यांची भुकटी टाकली आणि यंत्र चालतंय का बघायला बटण दाबलं. पाय कुणाचेच नव्हते आत. तरी सगळा मळ आला वर. मी पुन्हा घासला, वाळूने घासला. पुन्हा आला. लोकांचं विष टबातच मुरलंय मॅडम, आणि माझी पोर त्यातच पाय घालते. मी भीतीने बोललो नाही."

जे मी बावीस वर्षं शिकवलं आणि ऐन वेळी केलं नाही, ते या माणसाने न शिकता केलं होतं. वर चूक स्वतःची समजून महिनाभर टब घासत होता. मला रडू आलं, आणि ते लपवायला मी त्यांच्यावरच ओरडले, "आधी का नाही सांगितलं मामा?"

पुढच्या शनिवारी मी जलगुरूंच्या आधी सभागृहात पोचले. रांग लागली होती. पोरगीही होती. मी टेबलावर चढायचीच बाकी होते.

"आज पाय घालू नका," मी म्हणाले. "नुसतं बघा."

नवा कोरा टब, नळाचं पाणी, त्यांचं यंत्र आणि भुकटीऐवजी दुकानातल्या पुडीतलं साधं मीठ. बटण दाबलं. पाव तास कुणी हललं नाही. पाणी पिवळं झालं, चहासारखं झालं, तवंग आला.

"यकृत कुणाचं आलं हे? टबाचं?" मी विचारलं. "यंत्रात लोखंडाच्या पट्ट्या आहेत. मिठाच्या पाण्यात वीज सोडली की त्या भराभर गंजतात. हा गंज आहे. मीठ जास्त टाकलं की गडद, चिमूटभर टाकलं की फिकट. पहिल्या शनिवारी दोन चमचे, सहाव्याला चिमूट. तुमचा आजार जलगुरूंच्या चमच्यात आहे."

"मग शिसं कुठून आलं? तुमच्याच कागदावर आहे," ओतकामवाल्याने विचारलं. प्रश्न रास्त होता.

"काल पाळी सुटल्यावर तुम्ही दहा जणांनी फाटकापाशी साध्या बादलीत पाय धुतलेत. यंत्र नाही, मीठ नाही. तेवढंच शिसं निघालं. ती तुमच्या कातडीवर बसलेली कारखान्याची धूळ आहे. मग पाय साबणाने धुऊन तुम्ही प्रयोगशाळेत हेच यंत्र लावलेल्या टबात पाय घातलेत, तर जवळजवळ काहीच नाही. आतलं शिसं आतच आहे. हे मी तेव्हाच तपासायला हवं होतं. चूक माझी आहे."

एव्हाना जलगुरू दारात आले होते. ते हसले. "मॅडमच्या मनात किल्मिष आहे, ते पाण्याने दाखवलं. मी वाद घालत नाही. अनुभवापुढे शास्त्र काय करणार? ज्यांना फरक पडलाय, त्यांनी हात वर करावेत."

हात वर गेले. दहा, वीस, चाळीस. तिसऱ्या रांगेत पोरीनेही हात वर केला, माझ्याकडे न बघता. दंड सरळ वर गेला, पण मनगटापासून पंजा खाली लोंबत होता.

पहिल्या रांगेतल्या प्रमुखांनी मागे मान वळवली. दरवर्षी ते वर्गात हे चित्र दाखवतात, शिशाने लुळं पडलेलं मनगट. ते उठून तिच्यापाशी गेले. "बाळ, पंजा वर उचल बरं."

तिने दात आवळले. पंजा उचलला गेला नाही. "झोपेत अवघडलाय, सर. आठवडा झाला. पण पाणी फिकट आहे माझं."

मामा मागच्या भिंतीपाशी उभे होते. त्यांनी तिथूनच विचारलं, "सर, हे काय आहे?" प्रमुखांनी तिचा लोंबता पंजा दोन्ही हातांत धरला. इतरांचे हात एकेक करून खाली आले. जलगुरू वायर गुंडाळून कधी गेले ते कुणी पाहिलं नाही.

रक्तातलं शिसं पहिल्याच्याही दीडपट निघालं. आज पाच महिने झाले. तर्जनी थोडी उचलली जाते, बाकीची बोटं अजून नाहीत. ती जेवण डाव्या हाताने करते. फाटकावरचा कागद मी स्वतः जाऊन फाडला. प्रमुखांनी नवं पत्र लिहिलं, कारखान्याने रक्ततपासणी पुन्हा सुरू केली आणि आमच्या मुलांना दार बंद केलं. टबबाबा दुसऱ्या गावी आहे म्हणे. तिथेही कुणीतरी शिकलेलं माणूस पहिल्या रांगेत बसलं असेल.

मी तिच्यापाशी माफी मागितली. ती म्हणाली, "आत्या, त्या बाबावर माझा कधीच विश्वास नव्हता. मी तुमच्यावर ठेवला."

म्हणून तुम्हाला सांगते. कुणी चमत्कार दाखवला तर आजारी माणसाला बाजूला करा आणि मग तो करून दाखवा म्हणा. आमच्यासारखा डिग्रीवाला त्याच्या शेजारी उभा असेल तर दुप्पट जोराने म्हणा. आम्ही चिडू, तुम्हाला अडाणी म्हणू. तरी विचारा.